अळणी घर

सासूबाई ओट्याकडे तोंड करून चोरून मीठ खात होत्या. चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि वळून बघतात तो दारात सून.

"बाई गं!" त्यांनी डबी पाठीमागे लपवली. "तोंडाला चव नव्हती, म्हणून जरा..."

सुनेला आधी हसू फुटलं, मग ते मावळलं. ल्यूपस नावाच्या आजारानं तिच्या मूत्रपिंडांना गाठलं, पाय सुजले, डॉक्टरांनी मीठ बंद केल्यासारखंच केलं, आणि त्या दिवसापासून अख्खं घर तिच्याबरोबर अळणी झालं. मूत्रपिंडांवर भार नको म्हणून भाज्या उकडून पाणी ओतून द्यायचं, डाळ बेतानंच. कुणी ब्र काढत नव्हतं. नवरा बस चालवून दमून यायचा, दोन घास ढकलायचा आणि "पोट भरलं" म्हणून उठायचा. ती कपडे शिवणारी बाई. त्याचा शर्ट खांद्यावर किती सैल झालाय, हे तिच्या नजरेतून सुटणार थोडंच? गोळ्यांमुळे तिला मात्र सपाटून भूक लागायची, आणि त्या दोघांसमोर जेवायची लाज वाटायची.

"आई, आजपासून दोन पातेली चढवू. माझं वेगळं."

"आणि तुझ्यासमोर बसून आम्ही चमचमीत खायचं? घास उतरेल का घशाखाली?"

"आता तरी कुठे उतरतोय?"

सासूबाईंनी पाठीमागची डबी ओट्यावर ठेवली.

"दुखणं मी सोसीन हो," सून म्हणाली. "पण माझ्यापायी रोज घर अर्धपोटी उठतं, ते नाही सोसवत."

त्या संध्याकाळी दुसऱ्या पातेल्यातली भाजी तिनंच फोडणीला टाकली. चाखायला चमचा सासूबाईंपुढे धरला.

"बघा, मीठ झालंय का?"

त्यांनी चाखून पाहिलं. "किंचित हवं," त्या म्हणाल्या. सुनेनं किंचित टाकलं.

जेवताना नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि थबकला. आईकडे पाहिलं. मग बायकोच्या ताटातल्या फिक्या भाजीकडे.

"खा," ती म्हणाली. "निवेल."

तो मान वर न करता जेवला. ताट निपटून झालं तरी उठेना. घुटमळला, मग हळूच ताट पुढे सरकवलं.

"अजून आहे?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. ती वाढायला उठली.

"बस, बस," तो म्हणत होता. ती वाढतच होती.