बाबूजींची ओळख

या महिन्यात कुठून निधी मिळाला नाही, तर संघमित्राचं लांजीतलं वाचनालय बंद पडणार होतं. वारासिवनीच्या एका राईस मिलवाल्यांचं घरचं फाउंडेशन अशा छोट्या संस्थांना मदत करायचं, पण ओळखीशिवाय कुणाचा अर्जच घ्यायचं नाही. हे रडगाणं तिनं वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्याला ऐकवलं. पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "मिल आपलीच आहे ना पोरी. माह्या पोराले, गजेंद्रले सांग, बाबूजीनं पाठवलं."

ती अर्ज घेऊन मिलच्या ऑफिसात गेली आणि भीत भीत तेच बोलली.

"बाबूजींच्या ओळखीच्या का? मंग तिकडच्या बाकावर बसा," क्लार्क जांभई देत म्हणाला. "वारल्यापासून जरा जास्तच लोक पाठवून राह्यले ते."

संघमित्रा दोन पावलं मागं सरकली. बाकावरचं मात्र कुणीच दचकलं नाही. गोशाळेच्या शांताबाई थोड्या सरकल्या. "ये बाई, बस. आमच्याकडं बाबूजी चहाले येतेत."

आत गजेंद्र सेठनी अर्ज न वाचताच मंजुरीची सही केली.

"अहवाल कधी पाठवायचा?" तिनं कसंबसं विचारलं.

"दर महिन्याले. खर्चाचं नाही लिहिलं तरी चालन, बाबूजी कसे आहेत तेवढं लिहा." सेठनी पेनाचं टोपण लावलं, मग पुन्हा काढलं.

 

"सगळीकडं जातेत. घरीच येत नाहीत."