ओदीलची कार्नेशन

"चव्वेचाळीस वर्षं झाली, पण हा झगा मला अजून अस्सा बसतो!" ओदील ब्रेव्हान म्हणाली आणि तिने श्वास सोडला. पाठीवरची चेन खालपासून वरपर्यंत उसवली.

मोरिसेत मागे उभी राहून झगा टाचत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. चव्वेचाळीस वर्षं ती ओदीलला कपडे चढवत आली होती. अशा वेळी तोंडात टाचण्या असलेल्या बऱ्या, हे तिला ठाऊक होतं.

मग टाचण्या काढून ती म्हणाली, "निळा घाला मादाम. मी आणलाय."

"सूड घ्यायला निळा? डोकं फिरलंय का तुझं? याच झग्यात आर्मांने मला हाकललं, याच झग्यात मी त्याला हाकलणार. शीव!"

मोरिसेत जाड दोऱ्याने पाठ शिवायला लागली. दोरा सारखा तिच्या अंगठीच्या खड्यात अडकायचा, की ओदील किंचाळायची.

"नवरा नाही, पोर नाही, अंगठी कसली मिरवतेस गं?"

"जुनी आहे मादाम. आता बोटातून निघत नाही."

बाहेर थिएटर भरलं होतं. पाच वाजता दिग्दर्शक आर्मां लेस्कूरला जीवनगौरव मिळणार होता, टीव्हीवर थेट. गुच्छ ओदील देणार होती. तिने स्वतः फोन करून हा मान मागितला, तेव्हा आयोजक आनंदाने रडले होते.

गुच्छ टेबलावर रुमालाखाली होता. लाल कार्नेशन.

नटीचं काम पुढे चालू राहणार असेल तर तिला गुलाब येतात. कार्नेशन आली की पेटी भरायची. पॅरिसच्या थिएटरांत हे झाडूवाल्यालाही कळतं. आर्मांच्या पहिल्याच सिनेमात, तिसऱ्या आठवड्यात, ओदीलच्या खोलीत कार्नेशन आली होती. वर फक्त त्याचं नाव.

"'फेक ती घाण,' म्हटलं होतं मी तुला. आठवतं?"

"आठवतं ना. मीच फेकली."

"आणि तो यायच्या आत मी स्टुडिओ सोडला, अंगावरच्या झग्यासकट! फुलवाल्याचं पोर ते, मला काढणार?"

पुढे ओदील अख्ख्या फ्रान्सची लाडकी झाली. ते सगळ्यांना माहीत होतं. सूडासाठी तिने घेतलेले कष्ट फक्त मोरिसेतला माहीत. आर्मांची पत्रं न फोडता परत गेली. त्याच्या प्रत्येक सिनेमाच्या पहिल्या खेळाला ओदील पुढच्या रांगेत बसून घोरली. एका समीक्षकाने सिनेमापेक्षा घोरण्यावर जास्त लिहिलं. तिने कुत्र्याचं नाव आर्मां ठेवलं आणि त्याच्या नसबंदीला पत्रकार बोलावले. आर्मांच्या निर्मात्याशी तिने लग्नही केलं, त्याने आर्मांला दारातून हाकलेपर्यंत टिकवलं, मग सोडलं. शेवटी आर्मां आंतीबला बापाच्या फुलशेतीवर परत गेला.

"आज शेवटचा घाव," ओदील म्हणाली.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

"थांबा मादाम, गाठ राहिली! दोरा तरी कापू द्या!"

ओदील थांबली नाही. मोरिसेत हातातल्या दोऱ्यासकट तिच्यामागे फरपटत गेली आणि पडद्याआड उभी राहिली.

रंगमंचावर म्हातारा आर्मां काठी टेकून उभा होता. ओदीलने रुमाल काढला आणि गुच्छ त्याच्या छातीवर जवळजवळ आपटला.

सगळ्या सभागृहाचा श्वास अडकला. आर्मां एकटाच हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ओदील! तुला आठवतंय?" त्याने माइक ओढला. "मंडळी, पॅरिसला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. महाभित्रा होतो मी. आमच्या घरात मुलीला मागणी घालायची तर आपल्या शेतातली फुलं द्यायची. आमच्याकडे हीच पिकतात. तोंडाने विचारायची हिंमत नव्हती, म्हणून देठांत आईची अंगठी बांधून पाठवली. निळ्या खड्याची. हिने कधी उत्तरच दिलं नाही. मी अजून थांबलोय."

ओदीलने सावकाश मान वळवून पडद्याआड पाहिलं.

मोरिसेतने झटकन हात पाठीमागे नेला. दोरा अजून निळ्या खड्यातच अडकलेला होता. झगा कमरेपर्यंत फाटला.