शिकणारी कातडी

डॉक्टरबाईंनी ब्रशचं टोक बाबांच्या तळहाताला लावलं आणि बोटं झटकन मिटली. पुन्हा लावलं, तेव्हा जेमतेम मिटली. मग हललीच नाहीत.

"शिकली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "समुद्रफूल म्हणजे हात लावताच मिटणारा समुद्रातला प्राणी, त्याच्या पेशींपासून वाढवलेली कातडी आहे ही. तोच तोच स्पर्श धोक्याचा नाही हे उमगलं, की ती मेंदूला कळवायचंच सोडून देते."

"म्हणजे माझ्यापेक्षा हुशार!" बाबा हसले. होडीचं इंजिन पेटलं तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे जळाले होते.

कस्तुरीला हसू आलं नाही. इस्पितळात ती रोज तासन्‌तास त्यांचा हात धरून बसली होती. आता तिने हात धरला तरी बाबा खुशाल खिडकीबाहेर बघत राहायचे. जगातल्या सगळ्या स्पर्शांमध्ये नेमका तिचाच त्यांना कळेनासा झाला होता!

"परत कळेल?" तिने विचारलं.

"मध्ये काही दिवस खंड पडला, तर कातडी शिकलेलं विसरते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सोमवारी कस्तुरी शिकायला पुण्याला जाणार होती. तोवर तिने बाबांना बोटसुद्धा लावलं नाही. ताटही दुरूनच सरकवलं.

"माझ्यार रागावलंस काय गो?" बाबांनी विचारलं.

ती पाणी आणायला आत वळली. बोलली असती तर रडली असती, आणि रडली असती तर हात धरलाच असता.

सोमवारी एसटीचं इंजिन सुरू झालं, तसा तिने खिडकीतून हात काढून बाबांच्या तळव्यावर ठेवला.

बोटं झटकन मिटली. एसटी हलली तरी ती उघडली नाहीत. बाबा तसेच हात धरून तिच्याबरोबर चालू लागले.