खालचा थर

उतारापाशी येताच इरावतीने रेडिओ तोंडाशी धरला. "निशिकांत, बर्फ कसा आहे?"

तिचा नवरा इथेच हिमकड्याखाली गाडला गेला होता. त्याच्या जाकिटातलं यंत्र मात्र अजून आजूबाजूचे थर तपासायचं आणि त्याच्याच आवाजात उत्तर द्यायचं. इतका अचूक अंदाज दुसरीकडून मिळेना, म्हणून निशिकांतला न काढता तिथेच राहू द्यायचं ठरलं. होकार तिनेच दिला होता.

"खालचा थर घट्ट बसलाय," निशिकांत म्हणाला. "आता धोका नाही. मला काढायला या."

तिने रेडिओ बंद केला. मागे ट्रेकची मंडळी बूट आपटत ताटकळली होती.

"मॅडम, काय म्हणाले सर?"

"जाता येईल म्हणाले," इरावती म्हणाली. "एकेकाने चला. अंतर ठेवा."

आणि पहिलं पाऊल तिनेच टाकलं.