वीस मिनिटांचा मिस्त्री

मिस्त्रीचा हात इंजिनमागच्या सांदीत मनगटापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. पुढे जाईना, मागे येईना. वर्कशॉपचा मालक घड्याळ बघत उभा होता आणि त्याच्या मागे चार कारागीर, हाताची घडी घालून. फजिती बघायला माणसं कधी कमी पडत नाहीत.

गाडी वीस वर्षांची. गरम झाली की भर रस्त्यात बंद पडायची, थंड झाली की शहाण्यासारखी चालू व्हायची. दोष म्हणे एका बोटभर सेन्सरचा. पण तो बसवणाऱ्याने बसवावा तरी कुठे? इंजिनच्या पाठीमागे, पत्र्याला चिकटून, जिथे नजर पोचतच नाही आणि हात पोचला तर नशीब. बाकीचे लोक वरच्या सगळ्या नळ्या उतरवून त्याला गाठतात, त्यात अख्खा दिवस जातो. हा मिस्त्री मात्र काहीही न उतरवता वीस मिनिटांत बदलून देतो, अशी ख्याती. 'वीस मिनिटांचा मिस्त्री' हेच त्याचं नाव पडलं होतं. ते ऐकूनच मालकाने त्याला बोलावलं होतं. एवढी गाडी करून दाखवा, हेडमिस्त्रीची जागा तुमची. अशा जागेची वाट बघता बघता मिस्त्रीचे केस पिकायला लागले होते.

खरी गोष्ट वेगळीच होती. मिस्त्रीचा पंजा म्हणजे फावडं. त्या सांदीत तो आजवर एकदाही गेला नव्हता. आठ वर्षं हे काम त्याची बायको करत होती. एकदा त्याच्या हातून नट आत पडला, तो तिने सहज काढून दिला आणि विचारलं, "तो सेन्सर पण काढू का?" तिथून सुरुवात झाली. गॅरेज घरापुढेच, गिऱ्हाईक यायच्या आत ती घरात निघून जायची. मग हा फडक्याला हात पुसत म्हणायचा, "झालं बघा." लोक हसतील म्हणून त्याने कधी सांगितलं नाही. तीही कधी बोलली नाही. बोटांत जादू आहे म्हणून कुणी वाखाणलं, की तो मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, काय हो नम्र माणूस!

आठ वर्षं बघतोय, एकदा तरी जमेलच, असं म्हणत तो आला होता. अरे, बघून पोहता आलं असतं तर काय हवं होतं!

कसाबसा हात निघाला. बोटांची सालटी गेली होती.

"काय झालं, मिस्त्री?" मालकाने विचारलं.

बोल्ट गंजलाय, असं अगदी ओठावर आलं होतं. चौघांनी माना डोलावल्या असत्या. जुन्या गाडीत गंज ही कारागिराची हक्काची सबब. पण त्याला सकाळचं दार आठवलं. बायको तीनतीनदा बजावत होती, "बोल्टला ग्रीस लावा हं, म्हणजे पान्याला चिकटून राहतो, पडत नाही." पोराला परीक्षेला पाठवावं तशी. आपलंच काम त्याच्या नावावर लागावं म्हणून! त्याला स्वतःची लाज वाटली.

"मालक, हे काम माझं नाही," तो म्हणाला. "माझ्या बायकोचं आहे. आजवर जेवढे बदलले, तेवढे तिनेच."

चौघांतला रंगकाम करणारा खो खो हसला. मालक हसला नाही. "मग त्यांना बोलवा," तो म्हणाला.

मिस्त्रीने फोन लावला. "अगं, ये इकडे. तुझा आखूड पाना घेऊन ये."

"अहो, पण सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

अर्ध्या तासात ती आली. बाह्या सारल्या, पण गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं, "हा सेन्सर याआधी बदललाय का?"

"वर्षात दोनदा," मालक म्हणाला. "चार महिने बरी चालते, मग पुन्हा तेच."

तिने डोळे मिटले आणि हात आत घातला. मिस्त्री दिवा धरून उभा राहिला.

"सेन्सरचा दोष नाहीच," ती म्हणाली. "वायर सोललीय. गरम पाइपला टेकते. बदलताना ती हलते, म्हणून चार महिने निभतं."

कारागिरांच्या हाताच्या घड्या सुटल्या. दोनदा बदलणारे तेच होते. हे मिस्त्रीच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली गेली. तिने वायर बाहेर ओढून नवा तुकडा जोडला, पाइपपासून दूर बांधली, नवा सेन्सरही बसवला. मागेल ते हत्यार मिस्त्री तिच्या तळहातावर ठेवत गेला. मग तासभर गाडी चालू ठेवली. इंजिन तापलं, पंखा फिरला, पण गाडी काही बंद पडली नाही.

मालकाने बॉनेट लावलं. "बाई, हेडमिस्त्रीची जागा तुमची. उद्यापासून या."

"येईन की," ती म्हणाली. "पण यांनाही घ्या. इंजिन उचलायला यांच्यासारखा माणूस मिळायचा नाही."

"घेतलं. तुमच्या हाताखाली."

रंगकाम करणाऱ्याला राहवेना. "काय मिस्त्री, आता बायकोच्या हाताखाली काम करणार?"

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं, मग त्या चौघांकडे. आज त्याने मान खाली घातली नाही.

"आठ वर्षं तेच करतोय," तो म्हणाला, "तुम्हाला आज कळलं."