तांबडा दगड कुठून आला

“लागला खडक! दहा फूट आत गेलोय. गुंडाळा आता,” मामा ओरडला आणि त्यानं मशीन बंद केलं.

गुंडाळायला कुणी हललं नाही. कारण भाची पेटीपाशी उकिडवी बसली होती. मशीननं जमिनीतून काढलेले दगडाचे लांब, गोल तुकडे पेटीत ओळीनं मांडले होते, बाजारात काकड्या मांडतात तसे. ती एकेक तुकडा ओला करायची, उन्हात धरायची, परत ठेवायची. पुलाच्या ऑफिसनं तिला पाठवलं होतं. तिची सही झाली की इथं खांब उभा राहणार. सही नाही तर काही नाही.

मामा तीस वर्षं जमिनीला भोकं पाडत होता. चिखल-वाळू संपून खडक लागला की त्यात दहा फूट जायचं. तरी खडकच असला की थांबायचं. हा त्याचा नियम. मामा ‘लागला’ म्हणाला की या खोऱ्यात लोक डोळे मिटून भिंती उभ्या करायचे. त्याचा शब्द आजवर कुणी तपासला नव्हता. आणि आज तपासणारी कोण, तर जिला लहानपणी त्यानंच खिसे भरभरून गोटे आणून दिले ती!

“मामा, हा तांबडा आहे.”

“मग? रंग आवडला नाही का बाईसाहेबांना?”

“समोरचा डोंगर बघ. काळा. मागचा बघ. काळा. नदीचे दोन्ही काठ काळे. मग मधेच खाली हा तांबडा कुठून उगवला?”

“तू रांगत होतीस ना, तेव्हापासून मी...”

“भोकं पाडतोयस. माहितीये. असला तांबडा दगड पार वर आहे, शिखराखाली. दोन दिवस चालावं लागतं. मी जाऊन आलेय.”

“मग इथं कसा आला? बसनं? तिकीट काढून?”

“बर्फानं आणला.”

कामगार फिसकन हसले. मामा सगळ्यांत मोठ्यानं हसला. ती नाही हसली.

हजारो वर्षांपूर्वी हे अख्खं खोरं बर्फानं भरलं होतं, ती म्हणाली. तो कडा दिसतोय ना, तिथपर्यंत. आणि तो बर्फ बसून नव्हता, सरकत होता. दिवसाला हातभर. नदीला निदान शिस्त असते. जड दगड मागे टाकते, बारीक वाळू पुढं नेते. बर्फाला कसली आलीय शिस्त! घाईघाईत घर बदलणारा माणूस हाताला लागेल ते पोत्यात कोंबतो, तसं त्यानं धोंडे, गोटे, माती, सगळं उचललं. जिथं वितळला तिथं टाकून मोकळा झाला.

“म्हणजे हा खडक नाहीच?” एका कामगारानं विचारलं.

“दगड खराच आहे. पण सुटा धोंडा असेल. त्याच्या पोटाखाली काय आहे, कुणाला माहीत? चिखल असला तर वरच्या खांबासकट खचेल.”

“दहा फूट जाडीचा सुटा धोंडा?” मामानं हात झटकला. “मी तरी जन्मात पाहिला नाही.”

“कसा पाहशील? तू दहा फुटांवर थांबतोस.”

मामा तिला झापायला वळला. पण त्याची नजर काळ्या डोंगरावर गेली. मग पेटीतल्या तांबड्यावर. मग परत डोंगरावर. तीस वर्षं हा डोंगर समोर होता. एकदाही हा प्रश्न डोक्यात आला नव्हता.

“चालू करा,” तो म्हणाला. “एकदाची जिरवतोच हिची.”

अकरा फूट. तांबडा. बारा फूट. तांबडा. मामानं तिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

तेराव्या फुटावर मशीनचा कर्कश आवाज एकदम बसला. दांडा सरळ खाली गेला, खाली काही नसल्यासारखा. वर येणारं पाणी राखाडी, गढूळ झालं. मग आला चिकट चिखल. त्यात वाळू, माती, तीन रंगांचे गोटे, सगळा काला. एका गोट्यावर सरळ, एकाच दिशेचे ओरखडे होते.

मामानं त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

“हे काय?”

“बर्फानं घासत घासत आणलाय त्याला.”

“आणि हा चिखल किती खोल असेल?”

“ते मोजल्यावरच कळेल.”

“बरं, असला धोंडा त्यानं एकच आणला असेल?”

“एकच कशाला? खोरंभर टाकले असतील.”

मामा उठला. कामगारांना वाटलं, आता भडकणार. तो नुसता खोऱ्यातल्या वस्तीकडे बघत राहिला. जुन्या भोकांतले तुकडे केव्हाच फेकून झाले होते. कुठल्या भोकात कुठला दगड लागला, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

“वही काढ,” तो भाचीला म्हणाला. “तांबडा कुठं कुठं लागला होता, सांगतो. शाळा. दवाखाना. तुझ्या आईचं घर.”