सासूचा नकार

गाडी गल्लीत वळली तेव्हा ज्योत्स्नाचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. हातात पिशवी, अंगावर इस्तरीची साडी. मागे तिची सासू लीलाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि पोराला पहिल्यांदा शाळेत धाडावं तशा हलक्या आवाजात म्हणत होत्या, चल, मी आहे ना, गाडीपर्यंत येते.

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. सासरी नांदणाऱ्या लेकींना माहेरी न्यायला बऱ्हाणपुरात सकाळपासून घरोघर भाऊ येत होते. ज्योत्स्नाचा भाऊ समाधानही तुकईथडहून निघाला होता, पण सणासाठी नाही. त्यांची माय चार दिवसांपासून अंथरुणाला लागली होती आणि आजचा दिवस काढेल की नाही याची खात्री नव्हती. पिशवी लीलाबाईंनीच भरली होती. दोन साड्या, टॉवेल, आणि विहिणीच्या घशाखाली उतरावं म्हणून पेजेसाठी भाजलेलं तांदळाचं पीठ.

समाधानने हॉर्न वाजवला, आणि ते आलं.

छाती धाडधाड उडू लागली. बोटांना मुंग्या आल्या. श्वास वरच्या वर अडकला, समोरची गल्ली लांबच लांब होत गेली, आणि आता इथंच, चारचौघांत आपण मरणार हे तिला नेहमीसारखं अगदी पक्कं कळलं. पिशवीसकट ती मागे फिरली आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली.

पहिल्यांदा ते आलं दोन वर्षांपूर्वी, बांगड्यांच्या दुकानात. डॉक्टरने ईसीजी काढला, हृदय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, आणि सुटलो बुवा म्हणून घरचे हसले. तिने ते दुकान सोडलं. मग बाजार सोडला, कारण बाजारातून दुकान दिसायचं. बसमध्ये आलं, बस सोडली. देवळाच्या रांगेत आलं, देव सोडला. एकेक जागा सोडली की त्या दिवसापुरतं सुखाचं वाटे, आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी एक पाऊल जवळ येऊन बसलेलं असे. आता तर त्याला यायचीही गरज उरली नव्हती. येईल एवढी धास्ती पुरे होती. गल्लीतल्या बायका मात्र आपापल्या सुनांना तिचं उदाहरण देत, पाहा लीलाबाईंची सून, आठ महिन्यांत कुणी तिला दाराबाहेर पाहिलं नाही. असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

“आई, तुम्ही नाही म्हणा,” ती म्हणाली.

लीलाबाईंना आधी कळलंच नाही.

“समाधानला. पाठवत नाही म्हणा. तो तुम्हालाच विचारेल.”

विचारणार तो सासूलाच, हे खरं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी बहिणीला नेताना सासूचा होकार घ्यायचा, ही रीत मोडणाऱ्यांतला समाधान नव्हता. लीलाबाई म्हणाल्या, त्याला काय ते खरं सांग, भाऊ आहे तुझा.

“काय सांगू? भीती वाटते म्हणू? कशाची, असं विचारलं तर?”

लीलाबाईंनी पदराने तिचा घाम पुसला, पाणी दिलं, दहा मिनिटं थांबू, मग परत पाहू म्हणाल्या. ज्योत्स्ना नुसती नाही, नाही अशी मान हलवत राहिली. तोवर समाधान आत आलाच होता.

तो खाली बसला नाही. बाहेरच्या खोलीत आलेल्या लीलाबाईंच्या वाकून पाया पडला.

“डॉक्टरने जवाब देऊन दिला, मावशी, आता इलाज नाही म्हणे. माय दरवाज्याकडेच पाहत राहते. ताईले घेऊन जाऊ का?”

लीलाबाईंनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. चाळीस वर्षं त्या या गल्लीत राहत होत्या, आणि कुणाच्या लेकीचं माहेर तोडलं असा डाग त्यांच्या नावावर आजवर नव्हता.

“नाही जमणार,” त्या म्हणाल्या. “घरात अडचण आहे.”

आपण नीट सांगितलं नसेल असं वाटून समाधानने पुन्हा सगळं सांगितलं. नुसतं तोंड पाहू द्या, संध्याकाळच्या आत आणून सोडतो म्हणाला. लीलाबाई भिंतीकडे पाहत पुन्हा तेच बोलल्या. शेवटी त्याने आत हाक मारली. ज्योत्स्ना दारात आली. रंग उडालेला चेहरा. सासूच्या धाकात बाई अशीच दिसते, असं कुणालाही वाटलं असतं.

“ताई, तू तरी बोल.”

“आईंपुढे मी काय बोलू,” ज्योत्स्ना म्हणाली.

तो पायात चपला सरकवताना, वर न पाहता लीलाबाईंना म्हणाला, “तुमाले बी लेक आहे, मावशी. देव पाहून राहिला.” समोरच्या दारात दोघीतिघी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी थांबली, वळली. आवाज दूर गेला तसा ज्योत्स्नाचा श्वास खाली उतरला. बोटांत जीव आला. छाती शांत झाली.

लीलाबाईंनी दार लावून घेतलं आणि तिथंच दाराला टेकून खाली बसल्या. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, “आता बरं वाटतं का?”

“हो,” ज्योत्स्ना म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. तिला खरंच बरं वाटत होतं.